स्वतःच्या गतीने गणित : कम्युनिटी कॉलेजातील एक सेमिस्टर

प्रीअल्जिब्रा म्हणजे बीजगणिताच्या अलीकडचे गणित. पूर्णांक संख्यांवरील क्रिया, अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर आणि प्रमाण, शेकडेवारी, मोजमापांची रूपांतरे, थोडी भूमिती आणि शेवटी एका चलातील साधी समीकरणे एवढा त्याचा आवाका असतो. बालभारतीच्या पुस्तकांच्या हिशेबाने पाहिले तर हा अभ्यास साधारण पाचवी ते आठवी या इयत्तांत पसरलेला आहे. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत मात्र तो प्रौढांनाही शिकवतात, कारण ही सार्वजनिक महाविद्यालये गुणांच्या आधारे कोणाला दारातून परत पाठवत नाहीत. जो येईल त्याला घ्यायचे आणि तो जिथे असेल तिथून पुढे न्यायचे, हे त्यांचे मूळ धोरण आहे. मी राहते त्या इलिनॉय राज्यातच, जोलिएट या गावी, १९०१ साली अशा प्रकारचे महाविद्यालय सुरू झाले आणि आजही चालू असलेल्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत ते सर्वांत जुने मानले जाते. मी शिकले ते कॉलेज वेगळे, शिकागोच्या पश्चिमेकडील एका उपनगरातले.

मला फार्मसी टेक्निशियनचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करायचा होता. माझ्याजवळ शिवाजी विद्यापीठाची इतिहासाची पदवी होती, पण चौकशीसाठी गेले तेव्हा समुपदेशक बाईंना त्या पदवीपेक्षा मी गणिताची स्तरनिश्चिती चाचणी दिली आहे का, हे जाणून घ्यायचे होते. दहावीची तीस वर्षांपूर्वीची गुणपत्रिका त्यांच्या दृष्टीने निरुपयोगी होती, आणि त्यात गणिताला दीडशेपैकी छप्पन्न गुण असल्यामुळे ती पुढे करण्याची मलाही घाई नव्हती. चाचणी संगणकावर झाली. पर्याय निवडण्याचे प्रश्न त्यात जवळजवळ नव्हते. उत्तर स्वतः लिहायचे होते, आणि येत नसेल तर ‘हे मी अजून शिकलेले नाही’ असे सांगण्याचे बटण होते. हे बटण दाबायला आपल्याकडे शिकलेल्या माणसाचा हात धजत नाही. परीक्षेत कोरी जागा सोडायची नाही, काही ना काही लिहायचे, हे आमच्या पिढीच्या हाडीमांसी खिळलेले आहे. पण पुढच्या सगळ्या अभ्यासाची आखणी याच उत्तरांवरून होणार असल्यामुळे अंदाजाने लिहिलेले बरोबर उत्तर इथे नुकसान करते, हे समुपदेशक बाईंनी आधीच बजावले होते आणि ते खरे होते.

निकालाप्रमाणे मला प्रीअल्जिब्रा घ्यावे लागणार होते. त्याचे दोन प्रकार उपलब्ध होते. एक, नेहमीचा वर्ग, ज्यात शिक्षक फळ्यावर शिकवतात आणि सगळे एका वेगाने पुढे जातात. दुसरा स्वगतीचा, ज्यात व्याख्यान नसते. विद्यार्थ्याने गणिताच्या लॅबमध्ये आठवड्यातून ठरावीक तास बसून संगणकावर एकेक मॉड्यूल पूर्ण करायचे असते. शिक्षक आणि ट्यूटर खोलीत फिरत असतात, अडले की बोलवायचे. मॉड्यूलच्या शेवटच्या चाचणीत ८० टक्के मिळाल्याशिवाय पुढचे मॉड्यूल उघडत नाही, आणि चाचणी पुन्हा देता येते, पण मधे शिक्षकांशी बसून चुकलेली उदाहरणे सोडवून दाखवल्यानंतरच. सेमिस्टर सोळा आठवड्यांचे. त्यात सर्व मॉड्यूले संपली तर उत्तम, आधी संपली तर अंतिम परीक्षा लवकर द्यायची मुभा, आणि न संपली तर पुन्हा नाव नोंदवून, पुन्हा शुल्क भरून, उरलेल्या ठिकाणापासून पुढे जायचे. या अभ्यासक्रमाची क्रेडिट्स पदवीत धरली जात नाहीत. वेळ आणि पैसे दोन्ही खर्ची पडतात आणि प्रमाणपत्राच्या दिशेने कागदोपत्री एक पाऊलही पडत नाही, ही गोष्ट प्रवेश घेण्यापूर्वी प्रत्येकाने नीट समजून घ्यावी असे मला वाटते, कारण आमच्या लॅबमधल्या काही जणांना ती सेमिस्टरच्या मध्यावर समजली.

गणित असे संगणकाच्या खोलीत शिकवण्याची पद्धत गाजली ती व्हर्जिनिया टेक या विद्यापीठामुळे. त्यांनी १९९७ साली ब्लॅक्सबर्गमध्ये एका बंद पडलेल्या डिपार्टमेंट स्टोअरच्या जागेत पाचशेहून अधिक संगणक मांडून ‘मॅथ एम्पोरियम’ उघडले, आणि मदत हवी असलेल्या विद्यार्थ्याने संगणकावर लाल प्लॅस्टिकचा पेला ठेवायचा अशी रीत पाडली. आमची लॅब त्या मानाने एका वर्गखोलीएवढी, पण लाल पेल्याची रीत तीच. हात वर करून ताटकळत बसण्यापेक्षा ही सोय मला फार आवडली. पेला ठेवावा आणि दुसरे उदाहरण सोडवत राहावे. कोणी तरी येतेच.

मी स्वगतीचा प्रकार निवडला त्याचे कारण शैक्षणिक नव्हते. मुलीची शाळा, नवऱ्याच्या कामाच्या वेळा आणि घरात एकच गाडी यांच्यात बसणारा वर्ग त्या सेमिस्टरला नव्हता, लॅब मात्र सकाळी आठपासून रात्रीपर्यंत उघडी असे. दुसरे कारण मी समुपदेशक बाईंना सांगितले नाही. अठरा वर्षांच्या मुलांसमोर फळ्याजवळ जाऊन अपूर्णांकांचा भागाकार करण्याची माझी तयारी नव्हती.

आमच्या कॉलेजने घेतलेली संगणक प्रणाली ‘ज्ञान-अवकाश’ या सिद्धांतावर चालते. ज्याँ-पोल द्वान्यों आणि ज्याँ-क्लोद फाल्मान्य या दोघांनी तो १९८५ मध्ये मांडला आणि फाल्मान्य यांनी पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत त्यावर दीर्घकाळ काम केले. त्यामागचा विचार असा : एखाद्या विषयाचे शेकडो लहान घटक असतात आणि त्यांच्यात आधी काय आणि नंतर काय अशी गुंतागुंतीची नाती असतात. लसावि न काढता भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज येणे अवघड, परंतु क्षेत्रफळ मात्र त्याशिवायही येऊ शकते. म्हणून विद्यार्थ्याला एक गुण देऊन मोकळे होण्याऐवजी त्याला नेमके कोणते घटक येतात ते शोधावे आणि त्या घटकांच्या कडेला लागून असलेले, म्हणजे तो आत्ता शिकू शकेल असेच घटक, त्याच्यापुढे ठेवावेत. पडद्यावर हे सगळे एका वर्तुळाच्या रंगीत पाकळ्यांत दिसते. माझी पूर्ण संख्यांची पाकळी पहिल्याच दिवशी जवळजवळ भरलेली होती, भूमितीची अर्धी, आणि अपूर्णांकांची पाकळी इतकी रिकामी की तिचा रंग कोणता हे निरखून पाहावे लागले.

सुरुवातीची मॉड्यूले झपाट्याने संपली. मोठ्या संख्यांचे स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर द्यायचे आणि लाख-कोटी बाजूला ठेवून मिलियनमध्ये वाचायचे, एवढीच तिथे सवय बदलायची होती. भागाकाराची मांडणी वेगळी आहे. आपण भाजक डावीकडे आणि भागाकार उजवीकडे लिहितो. इथे भागाकार डोक्यावर, भाज्याच्या वर लिहितात. पाढे मात्र पाठ होते, आणि तीसपर्यंतचे पाढे येणारी बाई म्हणून लॅबमध्ये माझी थोडी कीर्तीही झाली, जी अपूर्णांकांच्या मॉड्यूलपर्यंत टिकली.

क्रियांच्या क्रमाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण तिथे मला पहिल्यांदा जाणवले की शाळेत जे ‘येत होते’ त्यातले बरेचसे केवळ तोंडपाठ होते. आम्ही ‘कंचेभागुबेव’ शिकलो : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. अमेरिकन मुले याच कामासाठी ‘पेमडास’ (कंस, घात, गुणाकार, भागाकार, बेरीज, वजाबाकी यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द) शिकतात आणि त्यात गुणाकार भागाकाराच्या आधी येतो. आता २४ ÷ ४ × २ हे उदाहरण घ्यावे. आपले सूत्र शब्दशः पाळले तर उत्तर १२ येते, त्यांचे सूत्र शब्दशः पाळले तर ३. बरोबर उत्तर १२, म्हणून मनातल्या मनात आपली सरशी झाली असे वाटते. पण १० − ४ + ३ मध्ये आपले सूत्र बेरीज आधी करायला सांगते आणि त्याप्रमाणे ३ हे उत्तर येते, प्रत्यक्षात ते ९ आहे. खरा नियम असा की गुणाकार आणि भागाकार एकाच दर्जाचे, बेरीज आणि वजाबाकी एकाच दर्जाच्या, आणि समान दर्जाच्या क्रिया डावीकडून उजवीकडे करायच्या. दोन्ही देशांतली मुले सूत्र पाठ करतात आणि दोन्ही सूत्रे तेवढ्यापुरती अपुरी आहेत. त्याच मॉड्यूलमध्ये −३² आणि (−३)² यांतील फरक आला. पहिल्यात वर्ग फक्त तीनचा होतो आणि उत्तर −९ येते, दुसऱ्यात ऋण चिन्हासकट वर्ग होऊन ९. या एका कंसावर आमच्या लॅबमध्ये जेवढे लाल पेले चढले तेवढे नंतर कशावरही चढले नसतील.

त्यानंतर अपूर्णांक आले आणि माझी गती बसली. सेमिस्टरचा जवळजवळ अर्धा भाग मी अपूर्णांकांत होते, आणि या अभ्यासक्रमाबद्दल मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः याच काळातले आहे. वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाला अपूर्णांकांसाठी फार तर तीन आठवडे देता येतात. त्यानंतर ज्याला कळले तो आणि ज्याला नाही तो, दोघेही दशांशांकडे जातात. मी पाचवीत अशीच पुढे गेले होते, आणि सहावीत, आणि सातवीत. अपूर्णांकांची ती रिकामी जागा दहावीपर्यंत, आणि पुढे आयुष्यभर, तशीच राहिली होती. स्वगतीच्या अभ्यासक्रमात मला कोणी पुढे ढकलले नाही. पुढे जाताच येत नव्हते.

प्रणालीचे स्पष्टीकरण वाचून रीत कळत असे. समच्छेद कसा करायचा, गुणाकारात आधीच संक्षेप कसा द्यायचा, भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा करून कसा गुणायचा, हे सगळे पायरीपायरीने दिलेले असते. पण मनात त्याचे चित्र उभे राहत नव्हते. ते चित्र मला शेजारच्या संगणकावर बसणाऱ्या, मेक्सिकोहून लहानपणी आलेल्या आणि घरांची छपरे घालण्याचे काम करणाऱ्या एका गृहस्थाकडून मिळाले. पाऊस पडला की त्याचे काम बंद असे, म्हणून पावसाच्या दिवशी तो दिवसभर लॅबमध्ये दिसे. कागदावरच्या अपूर्णांकांनी तोही हैराण होता, पण त्याच्या कमरेला मोजपट्टी असे आणि तिच्यावरचे अपूर्णांक त्याला डोळे मिटून येत. इंचाचे अर्धे, पाव, आठवे आणि सोळावे भाग त्या पट्टीवर कमी-अधिक लांबीच्या रेघांनी दाखवलेले असतात. ५ ३/८ इंचांची फळी अर्धी करायची तर तो म्हणे, पाचाचे अर्धे अडीच, तीन अष्टमांशांचे अर्धे तीन सोळांश, आणि अडीच म्हणजे दोन पूर्ण आठ सोळांश, म्हणून दोन पूर्ण अकरा सोळांश. हे त्याने तोंडी, माझा समच्छेद कागदावर होण्याआधी सांगितले.

सोळावे भाग ऐकल्यावर मला आजी आठवली. आमच्या वेळी शाळेतून गेलेल्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे पावापासून साडेतीनपर्यंतच्या अपूर्णांकांचे पाढे, या सगळ्या तिला पाठ होत्या, आणि ती भाजीवाल्याचा हिशेब आण्यांत करून मग पैशांत सांगत असे. रुपयाचे आणे सोळा, शेराच्या छटाका सोळा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजनेमापे आली, आणि त्यानंतर शिकलेल्या आम्हां सर्वांच्या रोजच्या व्यवहारातून अपूर्णांक जवळजवळ उठून गेले. ते फक्त गणिताच्या पुस्तकात राहिले. अमेरिकेत इंच, कप आणि पौंड टिकल्यामुळे ते अजून सुताराच्या आणि स्वयंपाकिणीच्या हातात आहेत. त्या संध्याकाळी मी २ ३/४ + १ ५/१६ हे उदाहरण इंचांऐवजी आण्यांत केले : पाऊण म्हणजे बारा आणे, त्यात पाच आणे मिळवले की सतरा आणे, म्हणजे एक रुपया एक आणा, आणि आधीचे तीन मिळून ४ १/१६. समच्छेद करणे म्हणजे दोन्ही रकमा एकाच नाण्यात मोडून घेणे, हे त्या क्षणी मला कळले, आणि त्यानंतर समच्छेदाची रीत मला पुन्हा आठवावी लागली नाही.

आण्यांचा हिशेब तिसऱ्या हिश्श्यापाशी अडतो, कारण सोळाला तीनने भाग जात नाही. जुन्या व्यवहारात त्यासाठी पै होती. आण्याच्या बारा पया, म्हणजे रुपयाच्या १९२, आणि १९२ ला तीनने भाग जातो. रुपयाचा तिसरा हिस्सा बरोबर पाच आणे चार पया. हे मी छपरेवाल्या मित्राला सांगितले तेव्हा तो म्हणाला की त्याच्या पट्टीवर एक फुटाचे बारा इंच आहेत ते याचसाठी असणार. त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली. इथल्या लाकडाच्या दुकानात ‘दोन बाय चार’ म्हणून जी पट्टी मिळते ती प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच असते. दिडकी आणि औटकी पाठ असलेल्या माझ्या आजीला त्या दुकानात काहीच अडचण आली नसती.

अपूर्णांकांच्या भागाकाराचे कोडे मात्र पट्टीने पूर्ण सुटले नाही. ३/४ ला १/८ ने भागले तर सहा, हे पट्टीवर दिसते : पाऊण इंचात अष्टमांश किती मावतात ते मोजायचे. पण २/३ ला ३/४ ने भागायचे तर लहानात मोठे कसे मावणार? प्रणाली म्हणते, उलटा करा आणि गुणा. का उलटा करायचा हे विचारण्याची तिथे सोय नाही. मी लाल पेला ठेवला आणि आमच्या ट्यूटर आल्या; हायस्कुलात अनेक वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या पुढच्या बाई. इथे सगळे त्यांना नावाने हाक मारत, मला ते शेवटपर्यंत जमले नाही आणि मी त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणत राहिले, जे त्या नव्हत्या. त्यांनी माझ्याच वहीत दोन्ही अपूर्णांक समच्छेद करून लिहिले : ८/१२ आणि ९/१२. आता दोन्ही बाराव्या भागांत आहेत, म्हणजे एकाच मापात आहेत, तर आठ गोष्टींना नऊ गोष्टींनी भागले की किती? ८/९. उलटा करून गुणण्याने नेमके हेच होते, फक्त समच्छेदाची पायरी न लिहिता. एवढे सांगून त्या पुढच्या पेल्याकडे गेल्या. त्या दोन ओळींसाठी मी बहुधा पाचवीपासून थांबले होते.

यावरून या पद्धतीबद्दल माझे मत बनले ते असे. प्रणाली फार सहनशील आहे, आणि प्रौढ विद्यार्थ्यासाठी ते मोठे वरदान आहे. तेच उदाहरण आकडे बदलून पाहिजे तितक्या वेळा समोर येते, कोणी सुस्कारा टाकत नाही, ‘एवढेही येत नाही?’ असे कोणी म्हणत नाही. शिवाय ती ढिलाई खपवून घेत नाही : उत्तर ६/८ आले आणि ते अतिसंक्षिप्त रूपात ३/४ असे लिहिले नाही तर ती ते स्वीकारत नाही, आणि मधूनमधून एक उजळणी चाचणी घेऊन, विसरलेले घटक शिकलेल्यांच्या यादीतून काढून पुन्हा करायला लावते. भरलेली पाकळी अशी रिकामी होताना पाहून लॅबमध्ये लोक चिडत असत. मला ते न्याय्य वाटे, कारण जे पंधरा दिवसांत विसरले ते शिकलेच नव्हते. पण ती फक्त उत्तर तपासते. नमुन्याचे उदाहरण बाजूला उघडे ठेवून, आकड्यांच्या जागी आकडे घालत, काहीही न समजता पाकळी भरता येते, आणि तसे करणारे आमच्याकडे कमी नव्हते. ते कळून येई मॉड्यूलच्या चाचणीत, जी लॅबच्या दुसऱ्या टोकाला कागदावर द्यावी लागे. माझ्या मते या अभ्यासक्रमाला शिस्त होती ती त्या कागदामुळे, आणि समज होती ती फिरणाऱ्या ट्यूटरांमुळे. या दोन गोष्टी काढून घेऊन केवळ संगणक घरी दिला तर मी अपूर्णांकांतून बाहेर पडले नसते.

गतीबद्दलही एक भ्रम होता. ‘स्वतःच्या गतीने’ असे ऐकल्यावर वाटते की घाई नाही. प्रत्यक्षात सोळा आठवड्यांचे कॅलेंडर सर्वांना सारखेच असते. फरक एवढाच की वर्गात शिक्षक त्याची आठवण करून देतात आणि इथे ती स्वतःला करून द्यावी लागते. लॅबच्या भिंतीवर कोणत्या तारखेला कोणत्या मॉड्यूलवर असायला हवे याचा तक्ता होता. अपूर्णांकांच्या काळात मी त्या तक्त्याच्या खूप मागे पडले होते, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस शिक्षकांनी बोलावून उरलेल्या आठवड्यांचा हिशेब माझ्यासमोर मांडला. त्यांच्या बोलण्यात धाक नव्हता, परंतु तक्ता माझ्याच हाताने भरून घेतला. थँक्सगिव्हिंगच्या सुटीनंतर लॅब निम्मी रिकामी झाली. काहींचे काम संपले होते म्हणून, पण बहुतेकांनी येणेच सोडले होते. एक माजी सैनिक, दोन मुलांना एकटीने वाढवणारी नर्सिंग होममधली मदतनीस, रात्रपाळीचा ट्रकचालक. यांपैकी कोणालाही गणित अशक्य होते असे मला वाटले नाही. एक आठवडा चुकला की वर्गात रिकामी खुर्ची दिसते, इथे ती दिसत नाही.

हा प्रश्न एका कॉलेजपुरता नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राने २०१० च्या सुमारास दाखवून दिले की पूर्वतयारीच्या गणिताकडे पाठवलेल्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून कितीतरी कमी जण ती मालिका पूर्ण करतात. अशाच निष्कर्षांचा आधार घेऊन कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा केला आणि विद्यार्थ्यांना सरळ महाविद्यालयीन पातळीच्या गणितात बसवावे, सोबत हवी तर मदत द्यावी, असा दंडक घातला. त्यामुळे तिथल्या अनेक कॉलेजांतून प्रीअल्जिब्रा जवळजवळ नाहीसे झाले. नुकत्याच हायस्कुलातून आलेल्या मुलांच्या बाबतीत मला तो निर्णय पटतो. त्यांना दोन-तीन सेमिस्टरे मागे अडकवून ठेवण्यात त्यांचे पैसे आणि उमेद दोन्ही जातात. पण तीस वर्षांनी वही उघडणाऱ्याला थेट वरच्या वर्गात बसवले असते तर तो पहिल्या महिन्यातच घरी बसला असता, असे मी माझ्यापुरते खात्रीने म्हणू शकते.

अपूर्णांक संपल्यावर राहिलेला अभ्यास उताराला लागला. दशांश हे तर आमच्या मेट्रिक पिढीचे माहेरच. गुणोत्तर-प्रमाणात त्रैराशिक आले, फक्त इथे ते तिरकस गुणाकाराने करतात. फार्मसीच्या दृष्टीने हाच भाग महत्त्वाचा. बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असे लिहिले असेल आणि ४०० मिलिग्रॅमचा डोस द्यायचा असेल तर किती मिलिलिटर? पाच गुणिले चारशे, भागिले अडीचशे, उत्तर आठ. शेकडेवारीत शंभराची वस्तू २० टक्क्यांनी उतरवली आणि नंतर २० टक्क्यांनी चढवली तर ९६ च होतात, हे उदाहरण मी घरी मुलीला घातले आणि तिने पाठ्यपुस्तकातून डोके वर न काढता ते सोडवले. नाण्यांच्या उदाहरणांनी मात्र थोडा वेळ घेतला. क्वार्टर पंचवीस सेंटचे, निकल पाचचे आणि डाइम दहाचे, पण डाइम आकाराने सगळ्यांत लहान. इतकी वर्षे पर्समध्ये ती नाणी वागवूनही मी कधी त्यांच्याकडे हिशेबाने पाहिले नव्हते. समीकरणे शेवटी आली आणि त्यांबद्दल सांगण्यासारखे फार नाही. ज्याला ऋण संख्या आणि अपूर्णांक येतात त्याला ३x + ५ = २० मध्ये अडण्यासारखे काही उरत नाही, आणि x च्या मागे २/३ आला तरी त्याच्या व्यस्ताने दोन्ही बाजूंना गुणले की काम होते. हायस्कुलात बीजगणित कठीण वाटत असे ते बहुधा बीजगणितामुळे नव्हतेच.

अंतिम परीक्षा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टेस्टिंग सेंटरमध्ये झाली. ओळखपत्र दाखवायचे, फोन आणि घड्याळ लॉकरमध्ये ठेवायचे, कच्च्या कामासाठी त्यांनी दिलेले रंगीत कागदच वापरायचे आणि जाताना ते परत करायचे. पहिला भाग कॅल्क्युलेटरशिवाय आणि दुसरा त्यासह. उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के लागत. मला त्याहून बऱ्यापैकी अधिक मिळाले. गुणपत्रकावर या अभ्यासक्रमापुढे केवळ उत्तीर्ण अशी नोंद होते, टक्के दिसत नाहीत, आणि तीही पुढच्या अभ्यासक्रमाला नाव नोंदवता यावे एवढ्याच उपयोगाची असते.

पुढचा अभ्यासक्रम प्राथमिक बीजगणिताचा. तोही दोन्ही प्रकारांत मिळतो. मी या वेळी वर्ग निवडला, मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळचा, कारण अपूर्णांकांची पोकळी आता भरलेली आहे आणि इतरांनी विचारलेले प्रश्न ऐकण्याची मला गरज वाटू लागली आहे. लॅबमध्ये प्रत्येकाचा प्रश्न त्याच्या पेल्यापुरता राहतो. छपरेवाल्या मित्राने मात्र पुन्हा स्वगतीचाच पर्याय घेतला. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फामुळे त्याचे काम थंड असते, तेवढ्यात निम्मी मॉड्यूले उरकायची आणि मार्चनंतर पावसाच्या दिवसांवर बाकीची काढायची, असा त्याचा हिशेब आहे.